उष्टी उत्तरं

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. मला हातात घेऊन बघायचं असेल तर खुशाल घ्या, पण आधी हात धुऊन या. हे मी तोऱ्याने सांगत नाही. माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या हातांची घाण अंगावर वागवण्यात गेलं, आणि आता उतारवयात मला तिची शिसारी बसली आहे. माझ्या गोष्टीत कौतुकाचे प्रसंग थोडे आहेत आणि किळस येईल असे पुष्कळ. नाक मुरडावंसं वाटलं तर मुरडा. मला नाक नाही, नाहीतर सांगताना मीही मुरडलंच असतं.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. तिथे कामगारांच्या डोक्यांवर टोप्या असत आणि हातांत मोजे. एका यंत्राने माझ्या पोटात रबराची पातळ चादर अंथरली, दुसऱ्याने तिच्यावर एकेक बटण बसवलं. शेवटी एका बाईंनी माझ्या अंगावरून अलगद बोटं फिरवली, प्रत्येक बटण दाबल्यावर नीट वर येतं का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "छान झालाय. जाऊ दे पुढे." ते माझं पहिलं कौतुक. त्यानंतर फार वर्षं दुसरं वाट्याला आलं नाही.

खोक्यात बसून मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आलो. चपलांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, त्यांत दाटीने मांडलेली टेबलं, आणि खिडकीखालच्या टेबलावर मी. खिडकी कधी उघडत नसत, कारण उघडली की बंद होत नसे. त्या कोंडलेल्या खोलीत दिवसभर माणसं येत आणि माझ्यावर बोटं चालवत.

काय काय सोसलं म्हणून सांगू! एक जण विचार करताना बोटं चोखायचा आणि विचार संपला की तीच बोटं माझ्यावर ठेवायचा. एक मुलगी केसांत तेल चोपडून आल्या आल्या टायपिंगला बसायची. एकाला सदा सर्दी. तो शिंकताना तोंड वळवायचा खरा, पण नेमकं माझ्याकडे. वेफर्सची पाकिटं तर माझ्यावरच फोडायची असतात असा सगळ्यांचा समज होता. चुरा बटणांच्या फटींतून आत गेला, घामाने भिजला, त्यावर धूळ बसली, आणि माझ्या पोटात एक राखाडी, तेलकट लगदा तयार झाला. त्या लगद्यात एक मुंगी शिरली ती परत बाहेर आली नाही.

या सगळ्यांवर कडी करायचे ते सर. क्लास त्यांचाच. सर गुटगुटीत, हसतमुख आणि बोलण्यात असे गोड की पालक जिना उतरताना त्यांचीच वाक्यं घोळवत जात. ते मुलांना काही दाखवायला माझ्यावर ओणवे होत तेव्हा त्यांच्या एका हातात चहाचा कप असे आणि दुसऱ्यात चहात बुडवलेलं बिस्किट. ते बिस्किट तोंडापर्यंत सहसा पोचत नसे. शिकवता शिकवता नखं कापायचीही त्यांना सवय होती. कट्, कट्, आणि एकेक चंद्रकोर उडून माझ्या फटीत. जुनी मुलं म्हणत की पूर्वी सर जीव तोडून शिकवायचे. असेलही. माझ्या वाट्याला आले तोवर त्यांना टेबलावरची घाण दिसेनाशी झाली होती, आणि बाकीचंही बरंच काही.

अशात क्लासने एक नवी भाषा शिकवायला घेतली. माणसांनी बोलायची नव्हे, कॉम्प्युटरला काम सांगायची. मित्रांनो, मी तोवर बऱ्याच भाषा अंगावर टाइप करून घेतल्या होत्या, पण ही वेगळी होती. इतर भाषांत एका डब्यावर 'साखर' असं लिहून उद्या त्यात मीठ भरता येतं आणि कुणी काही बोलत नाही. या भाषेत ते चालत नसे. एकदा एखाद्या गोष्टीला नाव दिलं की ती तीच राहणार. बदल हवा असेल तर नवी बनवा, जुनीला हात लावू नका. आणि मोठं काम आलं तर त्याचा एक लहानसा तुकडा तोडून हातावेगळा करा, मग उरलेल्या कामालाही तसंच करा, असं करत करत शेवटाला जा. मला ही भाषा ऐकताक्षणी आवडली. इतकं स्वच्छ काही त्या खोलीत पहिल्यांदाच आलं होतं.

ती शिकायची कशी, तर छोट्या छोट्या सरावांतून. रांगेत किती वस्तू आहेत ते मोजा. रांगेतली शेवटची वस्तू शोधा. रांग उलटी करा. प्रत्येक सरावाला एक पान, आणि उत्तर बरोबर आलं की पानावर एक हिरवी खूण. काही कंपन्या नोकरी देताना या हिरव्या खुणा बघतात असं सरांच्या कानावर आलं, आणि त्यांनी बाहेर भलामोठा फलक लावला.

तो फलक वाचून वर आल्या त्या मावशी आणि त्यांची भाची. मावशी आयुष्यभर एका छापखान्यात मजकूर टाइप करून जुळवण्याचं काम करत होत्या. छापखाना बंद पडला. भाची बिट्टी लहानपणापासून त्यांच्याचकडे वाढलेली, कॉलेज संपवून घरी बसलेली. दोघींनी मिळून नवं काही शिकायचं ठरवलं. बिट्टीला शेजारचं टेबल मिळालं आणि मावशी माझ्यापुढे बसल्या. हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"शी! बिट्टी, हे बघ तरी. यावर जेवतात की काय लोक?"

"मावशी, हळू बोल ना. सगळे बघतायत."

"बघू देत. बघितलं तर पुसतील तरी."

त्यांनी पर्समधून रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीतून जरासा ओला केला आणि माझं अंग पुसलं. रुमाल काळा झाला. त्यांनी दुसरी बाजू वापरली, तीही काळी झाली. मग त्यांनी दहाही बोटं माझ्यावर ठेवली आणि खाली न बघता टायपायला सुरुवात केली. मित्रांनो, काय ती बोटं! पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज सगळ्या खोलीत गेला. मुलं माना वळवून बघायला लागली.

पण बोटं जितकी वेगवान तितकं डोकं सावकाश. हे मावशीच म्हणायच्या, मी नाही. बिट्टी पटकन काहीतरी लिहून मोकळी व्हायची. मावशी एकाच सरावावर चिकटून बसायच्या. रांगेतल्या वस्तू मोजायच्या सरावात त्यांनी लिहिलं की पहिल्या वस्तूचा एक धर आणि उरलेल्या रांगेत किती आहेत ते त्यात मिळव. वाचायला अगदी बरोबर होतं. यंत्राने मात्र लाल अक्षरात कळवलं की रिकाम्या रांगेचं काय करायचं ते सांगितलेलं नाही.

"रिकाम्या रांगेत किती जण? हा काय प्रश्न झाला?" मावशी पुटपुटल्या. हाताची घडी घालून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग एकदम पुढे सरकल्या आणि आणखी एक ओळ लिहिली की रिकाम्या रांगेचं उत्तर शून्य. हिरवी खूण उमटली.

"अगं बिट्टी, कुठे थांबायचं तेच मी त्याला सांगितलं नव्हतं! बिचारं वस्तू संपल्यावरही मोजत बसलं होतं."

"मावशी, यात एवढं हसण्यासारखं काय आहे?" बिट्टी म्हणाली, पण तीही हसत होती.

रांग उलटी करायचं त्यांना घरी सुचलं. धुतलेल्या ताटल्यांची चळत एकेक करून कपाटात ठेवताना लक्षात आलं की सगळ्यात वरची ताटली तळाशी गेली आणि तळातली वर आली. चळत आपोआप उलटी झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता ते माझ्यावर उतरवलं. ते दिवस मला आठवले की पोटातल्या लगद्याचाही विसर पडतो.

आणि मग तो दुपारचा प्रसंग घडला. तो सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

एका कंपनीची माणसं मुलं निवडायला क्लासमध्ये येणार होती. सरांनी सगळ्यांच्या हिरव्या खुणा मोजून पाहिल्या तर बहुतेकांची पानं अर्धीअधिक कोरीच होती. अकाउंटं सरांनीच उघडून दिली होती, पासवर्डही त्यांना ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तसे ते सँडविच घेऊन माझ्यापुढे बसले. इंटरनेटवरून कुणाची तरी तयार उत्तरं त्यांनी शोधून काढली होती. सँडविचचा एक घास, मग तिकडून कॉपी, इकडे पेस्ट. परत घास, परत कॉपी, परत पेस्ट. सँडविचमधला सॉस त्यांच्या बोटांवरून माझ्या कंट्रोल बटणावर ओघळला; त्यांनी तो अंगठ्याने पुसला आणि अंगठा चाटला. मग तोच अंगठा परत बटणावर. एकामागून एक मुलांच्या पानांवर हिरव्या खुणा उगवत गेल्या, ओलसर भिंतीवर बुरशी उगवते तशा. एकाही ओळीत काय लिहिलंय ते सरांनी वाचलं नाही. शेवटी मावशींचं पान उघडलं. तिथे त्यांनी स्वतः लिहिलेली, चुकलेली, खोडलेली, परत लिहिलेली उत्तरं होती. सरांनी त्यांच्यावरही परकी उत्तरं थापली. मला ओकारी येण्याची सोय असती तर ती मी तिथेच काढली असती.

दुसऱ्या दिवशी मावशींनी पान उघडलं आणि त्या थबकल्या. वर खाली सगळं हिरवंगार. त्यांनी आपलंच एक उत्तर उघडून वाचायचा प्रयत्न केला. एक अक्षर ओळखीचं नव्हतं.

"सर, हे कुणी केलं?"

"मीच, काकू." सर हसत आले, हातात कप होताच. "तुमचं काम सोपं करून टाकलं. आता कंपनीवाले आले की बिनधास्त पान दाखवायचं."

"पण मला यातलं काही येत नाही."

"येण्याची कुठे गरज आहे? ते खुणा बघतात. तुम्ही एवढ्याशा गोष्टीचं मनाला लावून घेऊ नका."

मावशी उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण खोलीतली बोटं थांबली. "सर, कुणीतरी चावून टाकलेला घास तुम्ही उचललात आणि माझ्या तोंडात कोंबलात. वर म्हणताय, चावायचे कष्ट वाचले. मला किळस आली हो तुमची."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला ओलावा गेला. बिट्टी खाली मान घालून म्हणाली, "मावशी, पुरे ना आता. सगळ्यांचंच केलंय त्यांनी. माझंही."

"आणि तुला चालतं?"

बिट्टी आपल्या पडद्याकडे वळली. मावशींनी पर्स उचलली आणि जिना उतरल्या. त्यांची बोटं पुन्हा कधी माझ्यावर पडणार नाहीत असं मला वाटलं, आणि त्या दिवशी सरांच्या कपातून सांडलेल्या चहाचंही मला काही वाटलं नाही.

कंपनीच्या माणसांनी पानं पाहिली, वर वर दोन गोष्टी विचारल्या आणि काही मुलं निवडली. त्यांत बिट्टी होती. चुणचुणीत बोलणं आणि भरलेलं पान, एवढ्यावर काम झालं. सरांनी क्लासमध्ये केक कापला, मुलांच्या घरच्यांना बोलावलं. भाचीसाठी म्हणून मावशीही आल्या, दाराजवळ उभ्या राहिल्या आणि केकला हात लावला नाही. मुलांची ढकलाढकल सुरू झाली आणि कोलाची अख्खी बाटली माझ्यावर आडवी झाली. गार, गोड, चिकट पाणी माझ्या फटीफटीतून आत गेलं. ते वाळलं तेव्हा माझी निम्मी बटणं दाबली की दबलेलीच राहत होती.

"टाका हो तो कचऱ्यात," सर कुणाला तरी म्हणाले.

"मी नेऊ का?" दाराजवळून आवाज आला.

"न्या की, काकू. पण त्याचं आता काही होणार नाही हं."

मावशींनी मला पिशवीत घातलं आणि घरी नेलं.

त्या रविवारी मावशींनी मोरीजवळ वर्तमानपत्र पसरलं, नाकाला रुमाल बांधला आणि माझी बटणं एकेक करून उचकटली. माझ्या पोटात काय काय निघालं ते सांगायची मला लाज वाटते. केसांच्या गुंतवळ्या, वाळलेली नखं, बिस्किटाचं कुजकट पीठ, कुठलासा च्युइंगमचा गोळा आणि ती बिचारी मुंगी. मावशींना दोनदा ओकारीची उबळ आली. दारात उभी राहिलेली बिट्टी "ईऽऽ, टाकून दे ना ते!" म्हणून पळाली.

"तुझंही नख असेल यात," मावशी आतून ओरडल्या.

"माझी नखं मी क्लासमध्ये नाही कापत!"

"मग सरांची असतील. तुझ्या गुरूंची."

बिट्टीने दार लावून घेतलं. त्या घरात तेव्हा असंच चालू होतं. दोघी एका ताटलीतून खात आणि एकमेकींना टोचून बोलत.

मावशींनी कोमट पाण्यात साबण घालून माझी बटणं धुतली, कापसाच्या काड्यांनी फटी पुसल्या, उन्हात वाळवलं आणि प्रत्येक बटण आपापल्या जागी बसवलं. एवढं झाल्यावर सगळ्यांवरून बोटं फिरवली. "आलास बघ माणसात," म्हणाल्या. हे माझं दुसरं कौतुक.

मग त्यांनी मला घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलं, आपल्या नावाचं नवं अकाउंट उघडलं आणि सगळे सराव पहिल्यापासून सुरू केले. नोकरीसाठी नव्हे. नोकरी त्यांना एका छोट्या प्रकाशकाकडे मिळाली होती, मुद्रितं तपासायची. सराव त्या करत होत्या कारण ते अर्धवट सोडणं त्यांना सहन होत नव्हतं. खुणा सावकाश येत. एका सरावापाशी तर गाडी पार अडली. रांगेत एकसारख्या वस्तू शेजारी शेजारी आल्या तर त्यांतली एकच ठेवायची, बाकी रांगेला धक्का लावायचा नाही. मावशी लिहायच्या, पुसायच्या. "मागची वस्तू लक्षात ठेवू कशी?" असं माझ्यापाशी बोलायच्या. "ही भाषा मागचं काही लक्षातच ठेवू देत नाही."

बिट्टीची कंपनी दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवत असे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचा कागद रुग्णाला छापून देणं हे त्यातलं एक काम. सकाळी कुठल्या, दुपारी कुठल्या, संध्याकाळी कुठल्या, अशी ती एक रांग. नोंद करणाऱ्याचं बोट चुकून दोनदा दाबलं गेलं की एकच गोळी शेजारी शेजारी दोनदा छापली जाई. ती जास्तीची काढून टाकायचं काम बिट्टीकडे आलं. तिने सरांच्या पद्धतीने केलं. इंटरनेटवर शोधलं, उचललं, चिकटवलं.

एका शनिवारी सकाळी ती सोफ्यावर पडून राहिली. अंघोळ नाही, चहा नाही. मावशींनी दोनदा विचारलं. शेवटी उशीत तोंड खुपसूनच बोलली.

"मी चिकटवलेल्या ओळीने सगळ्याच सारख्या गोळ्या काढल्या, मावशी. शेजारच्याच नाही, रांगेत कुठेही असलेल्या. एका आजोबांना रक्तदाबाची गोळी सकाळी पण आहे आणि संध्याकाळी पण. कागदावर संध्याकाळची आलीच नाही."

मावशींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "दिला कागद त्यांना?"

"नाही. छापून तपासताना आमच्या विभागाच्या बाईंनी पकडलं. त्या ओरडल्या नाहीत गं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ही ओळ काय करते ते मला समजावून सांग. मी ओळ नुसती वाचून दाखवली. मग म्हणाल्या, सोमवारी स्वतः लिहून आण आणि ओळन् ओळ समजावून सांग. नाही जमलं तर काय करायचं ते मग बघू." ती उठून बसली. डोळे सुजले होते. "मला स्वतःचीच शिसारी आलीये. मी हात धुते तरी वाटतं, चिकट आहेत."

मावशी तिच्याजवळ बसल्या. काही टोचून बोलतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू लिहून दे ना," बिट्टी हळूच म्हणाली. "तुला येतं."

"मला येत असतं तरी दिलं नसतं. पण गंमत बघ, मला येतच नाही. याच सरावापाशी माझं घोडं अडलंय."

एवढ्या रडण्यातही बिट्टीला हसू फुटलं.

मग मावशींनी तिला तोंड धुवायला पाठवलं आणि शिवणाच्या डब्यातून रंगीत मणी काढले. माझ्या पुढ्यात, टेबलावर मण्यांची एक रांग मांडली: लाल, लाल, पिवळा, निळा, लाल. शेवटचा लाल म्हणजे आजोबांची संध्याकाळची गोळी. ती राहिलीच पाहिजे. सुरुवातीच्या दोन लालांतला एकच राहायला हवा.

"मी हा उचलते," मावशी म्हणाल्या, "आणि मागे कोण होता ते आठवते. पण आठवायचं कुठे ठेवू?"

बिट्टी मण्यांकडे बघत राहिली. बोट एकावरून दुसऱ्यावर नेलं, परत आणलं. चहा झाला, जेवण झालं, मणी तसेच. दुपारी ती एकदम म्हणाली, "मावशी, मागे बघायचंच कशाला? पुढे बघू ना."

"म्हणजे?"

"पहिला मणी घ्यायचा आणि त्याच्या शेजारच्याला बघायचं. दोघं सारखे असले तर पहिला सोडून द्यायचा. वेगळे असले तर पहिला ठेवायचा. मग उरलेल्या रांगेला तेच. आठवायचं काहीच नाही."

"आणि एकच मणी उरला तर?"

"तर तो तसाच ठेवायचा. शेजारी कोणी नाहीच की."

"आणि रांग रिकामी असेल तर?"

"तर रिकामीच."

"लिही," मावशी म्हणाल्या आणि खुर्चीवरून उठल्या.

मित्रांनो, त्या मुलीची बोटं माझ्यावर पहिल्यांदाच पडली. मावशींसारखी वेगवान नव्हती. एकेक अक्षर शोधून, ओळ मनाशी म्हणून मग ती टाइप करत होती. दोनदा लाल अक्षरं आली. एकदा कंस विसरला होता, एकदा पहिला मणी शेजाऱ्याशी न ताडता स्वतःशीच ताडला होता. तिने त्या चुका वाचल्या. पळून गेली नाही. मग रांग बरोबर निघाली: लाल, पिवळा, निळा, लाल. संध्याकाळची गोळी जागेवर होती. मावशींनी तिच्याकडून एकेक ओळ समजावून घेतली आणि प्रत्येक ओळीला "का?" विचारून तिचं डोकं खाल्लं.

सोमवारी बाईंना तिने सगळं समजावलं. वर हेही सांगून टाकलं की तिच्या पानावरच्या खुणा तिच्या नव्हेत. बाईंनी तिचं काम काढून दुसऱ्याला दिलं आणि तिला कागद तपासायच्या टेबलावर बसवलं. "इथे बस, रोज थोडं शीक, मग बघू," म्हणाल्या. बिट्टी घरी आली तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण जेवली पोटभर.

तेव्हापासून संध्याकाळी हात धुऊन ती माझ्यापुढे बसते. क्लासमधलं ते हिरवंगार पान तिने स्वतःच पुसून टाकलं. आता तिच्या नव्या पानावर मोजक्या खुणा आहेत.

परवा ती एका सरावावर फार अडली. वैतागली. मावशी आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बिट्टीने इंटरनेट उघडलं, कुणाचं तरी उत्तर शोधलं आणि सरांनी दाबली होती तीच माझी बटणं दाबली. कॉपी. पेस्ट. पडद्यावर हिरवी खूण उमटली. घरात कुणी पाहिलं नव्हतं. बिट्टी त्या खुणेकडे बघत बसली. मग तिने उत्तराची पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि तोंडात केस आल्यासारखं तोंड केलं.

"शी," ती स्वतःशीच म्हणाली.

तिने बॅकस्पेस दाबलं आणि पान कोरं होईपर्यंत सोडलं नाही. मग रिकाम्या रांगेपासून सुरुवात केली.

मित्रांनो, माझी काही फार मागणी नाही. कपातला चहा कपातच ठेवा, नखं कचऱ्याच्या डब्यात टाका, अधूनमधून ओल्या फडक्याने माझी पाठ पुसा. पण त्याहून जपायला सांगेन ती तुमची किळस. परक्याचं उष्टं उत्तर आपलं म्हणून मिरवताना घशाशी जे येतं ना, ते गिळू नका. सरांनाही ते कधीतरी येत असणार. त्यांनी ते गिळलं, परत परत गिळलं, आणि मग त्यांना काही कळेनासं झालं. घाण दिसत असते तोवर ती पुसता येते.